रान राखील तो पाणी चाखील

लालबागच्या नळापासून तुळशी-विहारच्या डोंगरापर्यंत सायकलवरची एक फेरी

मुंबईला आपण जातो ते कामाशिवाय नाही. कुणाची फाईल मंत्रालयात अडकलेली असते, कुणाचा पेशंट परळच्या केईएममध्ये किंवा टाटा रुग्णालयात असतो, कुणाला लालबागच्या गणपतीला नवस फेडायचा असतो. मुक्काम ठरलेला. गिरण्यांच्या जमान्यात गाव सोडून गेलेल्या चुलत्याची चाळीतली दहा बाय बाराची खोली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कित्येक चाळींच्या जागी टॉवर आले, तरी गावाकडच्या माणसाला पथारी टाकायला परळ-लालबागला अजून जागा मिळते.

पहाटे तुम्ही गाढ झोपेत असता आणि कुणीतरी ओरडतं, “पाणी आलं!” मग पिंप, हंडे, कळशा यांचा एकच आवाज. तुम्हीही उठून दोन कळशा भरू लागता आणि सहज विचारता, “काका, हे पाणी येतं कुठनं?” काका म्हणतात, “कुठनं म्हणजे? नळातनं!”

काकांचं चुकलं नाही. जन्म चाळीत गेला, पाणी नळाला येताना पाहिलं. पण मंडळी, आपण शेतकरी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग या एवढ्या मोठ्या शहराचा आड आहे तरी कुठं, हे एकदा डोळ्यांनी पाहायला काय हरकत आहे? पुढच्या खेपेला काम उरकलं की एक दिवस जास्त काढा. तो आड शोधायला निघा, आणि शक्य असेल तिथं सायकलवरून जा.

सायकलच का, असं विचाराल. मोटारीत बसलं की डोंगर नुसता मागे पळतो. सायकलवर चढ पायाला कळतो आणि उतार अंगाला कळतो. पाणीसुद्धा त्याच चढ-उताराच्या हिशेबानं चालतं. ज्याला पाणलोट समजून घ्यायचा आहे त्याला सायकलीसारखा गुरू नाही.

तलाव बुजले, नावं उरली

सुरुवात गिरगावातून करा. काकांच्या नातवाची सायकल मागून घ्या आणि उजाडायच्या आत निघा, म्हणजे रस्ते मोकळे मिळतात. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टाकी... अर्ध्या-पाऊण तासात ही सगळी नावं फिरून होतील. पाणी मात्र एकाही ठिकाणी दिसणार नाही. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांनी अठराव्या शतकात बांधलेला तलाव. गोवालिया टँकवर गुरं पाण्यावर येत. आज तिथं ऑगस्ट क्रांती मैदान आहे. धोबीतलावाला धोबी कपडे धूत. आज तिथं गाड्यांची रांग असते. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव तेवढा अजून भरलेला आहे, कारण लोकांनी तो देवाचा म्हणून सांभाळला.

एके काळी मुंबई बेट याच तलावांवर आणि घरोघरच्या विहिरींवर जगत होतं. वस्ती वाढली तसं ते पाणी पुरेना. १८५४ ते १८५६ या वर्षांत मुंबईत पाण्याची अशी टंचाई पडली की शहरातली गुरं माहीमकडे हलवावी लागली आणि बाहेरून पाणी आणून विहिरींत ओतावं लागलं. आपल्याकडे आज टँकर येऊन विहिरीत पाणी सोडतो, तसाच तो प्रकार. म्हणजे टँकरची वेळ एकट्या खेड्यावरच आली असं समजू नका.

पुढं नळाचं पाणी आलं आणि जुन्या पाण्याची किंमत गेली. तलावांत घाण साचू लागली. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला आणि विहिरींवरच्या डासांवर बोट ठेवलं. मग विहिरी झाकल्या गेल्या, बुजवल्या गेल्या. रोगाचा बंदोबस्त करायला हवाच होता. पण पाणी बाहेरून येतं म्हटल्यावर दाराशी असलेलं पाणी राखायची गरज कुणाला वाटली नाही, हेही तितकंच खरं. गावात नळयोजना झाली आणि जुन्या बारवेत कचरा पडू लागला, असं आपल्या आसपास पाहिलं असेल तर गिरगावची ही गोष्ट तुम्हाला परकी वाटणार नाही.

टेकडीवरची टाकी

तिथून मलबार हिलचा चढ चढा. चढ दमवणारा आहे, उतरून सायकल ढकलली तरी लाज नाही. वर हँगिंग गार्डन आहे, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान. लोक फुलं पाहतात, फोटो काढतात. तुम्ही पायाखाली पाहा. या बागेच्या खाली पाण्याचा भलामोठा जलाशय आहे. गिरगाव आणि आजूबाजूच्या भागाला इथून पाणी जातं. माझगावला भंडारवाडा टेकडीवर असाच जलाशय आहे, आणि परळ-शिवडीच्या बाजूला गोलंजी टेकडीवरही आहे. लालबाग-परळच्या मंडळींनी आयुष्य काढलं, पण आपल्या डोक्यावर पाण्याचं टाकं आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

युक्ती आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीचीच. पाणी उंचावर चढवून ठेवायचं, पुढं ते आपसूक उतरतं. पण या टाक्यांत पाणी कुठून आलं? ते पाहायला आता उत्तरेला जायचं आहे.

बोरिवलीच्या फाटकातून आत

लालबागहून बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सुमारे तीस किलोमीटर. नेहमी सायकल चालवणारी तरुण पोरं भल्या पहाटे निघून सायकलवरच पोहोचतात. तुम्ही मात्र महामार्गाच्या वाहतुकीत शिरू नका. नातवाची सायकल परत द्या, दादरहून लोकल धरा, बोरिवलीला पूर्वेला उतरा. उद्यानाचं फाटक स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. फाटकावर सायकली भाड्यानं मिळतात. ब्रेक आणि हवा स्वतः तपासूनच सायकल ताब्यात घ्या. सोमवारी उद्यान बंद असतं, तेवढं ध्यानात ठेवा. त्यामुळे गिरगाव-मलबार हिलची फेरी एका सकाळी आणि उद्यान दुसऱ्या सकाळी, असा बेत केला तर दगदग होत नाही.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल. एका बाजूला बोरिवली-मालाड, दुसऱ्या बाजूला ठाणे-मुलुंड आणि मधे हे रान. अलीकडच्या मोजण्यांनुसार पन्नासच्या आसपास बिबटे इथं राहतात. घाबरायचं कारण नाही. डांबरी रस्ता सोडायचा नाही, एकट्यानं झाडीत शिरायचं नाही, माकडांना खायला घालायचं नाही आणि वनरक्षक सांगेल ते ऐकायचं.

फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर रस्ता आहे. सुरुवातीला तो जवळपास सपाट जातो आणि दहिसर नदी तुमच्या सोबतीला असते. पुढं चढ सुरू होतो, शेवटचा टप्पा चांगलाच घाम काढतो. दुतर्फा साग, ऐन, पळस, काटेसावर, बांबू. डोंगरउतारावर कारवी. ही कारवी इथं आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ साली फुलली होती, नंतर २०२४ साली फुलली.

एक प्रयोग करून पाहा. चढावर दम लागला की सायकल उभी करा आणि रस्त्याच्या कडेची जमीन नुसती पायानं चाचपा. वर पाचोळ्याचा थर असतो. तो जरा बाजूला केला की खाली काळसर, भुसभुशीत, ओलसर माती. पावसाचा थेंब आधी पानावर आपटतो, मग फांदीवर, मग पाचोळ्यावर. जमिनीला लागेपर्यंत त्याचा जोर गेलेला असतो. पाचोळा त्याला धरतो, मुळं त्याला खाली नेतात, आणि तो सावकाश ओहोळात येतो. येतो तेव्हा सोबत माती आणत नाही. आता आपल्या गावच्या उघड्याबोडक्या माळावर पडणारा थेंब आठवा. तो सरळ मातीवर घण घालतो, माती सुटते, आणि तासाभरात लाल पाणी ओढ्याला लागतं.

भिक्षूंचं पाणी व्यवस्थापन

कान्हेरीला सायकल खाली लावून पायऱ्या चढा. शंभराहून जास्त लेणी इथं आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी काम सुरू झालं आणि पुढं हजारभर वर्षं बौद्ध भिक्षूंचा इथं राबता होता. तिसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या चैत्यगृहात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा लेख आहे. मूर्ती आणि खांब पाहाच, पण आपल्यासाठी खरी पाहण्यासारखी गोष्ट दरवाजाच्या बाजूला जमिनीत आहे.

लेण्यालेण्याशेजारी कातळात टाकं खोदलेलं दिसेल. जुन्या लेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. कुणी व्यापाऱ्यानं, कुणी गृहस्थानं आपल्या नावानं लेणं आणि पोढी दान दिली, असं त्या लेखांत कोरलेलं आहे. वरच्या कातळावर बोटभर खोल पन्हळी काढलेल्या आहेत. डोंगरावर पडलेला पाऊस त्या पन्हळींतून वाहत येतो आणि टाक्यात उतरतो. एकाचं टाकं भरलं की पाणी पुढं जातं. आपल्या किल्ल्यांवर जी टाकी असतात त्यांची ही थोरली भावंडं.

पंप नाही, पाईप नाही. पाऊस चार महिने, वस्ती बारा महिने. तरी मोठ्या संख्येनं भिक्षू या डोंगरावर राहत होते, कारण ज्यानं राहायला जागा खोदली त्यानं पाण्याची जागाही खोदली. आपल्याकडे आज घरकुल मंजूर होतं, शौचालय मंजूर होतं, शाळेची खोली मंजूर होते. छपराच्या पाण्याचं काय करायचं, याचा विचार किती ठिकाणी होतो? ग्रामसेवक मंडळींनी जरा मनाशी विचारून पाहावं.

वरचं तुळशी, खालचं विहार

लेण्यांच्या माथ्यावर जा आणि दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. हवा साफ असेल तर हिरव्या रानात पाण्याची चकाकी दिसते. हाच तो आड.

यातला विहार तलाव थोरला. मघाशी सांगितलेल्या टंचाईनंतर हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या आराखड्यानुसार मिठी नदी अडवून तो बांधला, आणि १८६० साली मुंबईला पहिल्यांदा नळानं पाणी मिळालं. पण दहा-बारा वर्षांतच ते कमी पडू लागलं. म्हणून वरच्या बाजूला तुळशी तलाव बांधायला घेतला. तो १८७९ साली पुरा झाला. तुळशीची भरलेली पातळी विहारच्या पातळीपेक्षा सुमारे ५९ मीटरनं वर आहे. तुळशी भरला की सांडव्यावरचं पाणी वाया जात नाही, ते खाली विहारला मिळतं. विहार भरला की ते मिठी नदीला लागतं. आपण ज्याला साखळी बंधारे म्हणतो, त्यातली ही जुनी साखळी.

आता थोडा हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय पाणी कळत नाही. तुळशीचं पाणलोट क्षेत्र ६.७६ चौरस किलोमीटर, म्हणजे ६७६ हेक्टर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं. इथला वर्षाचा पाऊस अडीच हजार मिलिमीटर धरला तर या पाणलोटावर पडणारं पाणी झालं १,६९० कोटी लिटर. तलावात मावतं ८०४.६ कोटी लिटर. म्हणजे पडलेल्या पाण्यातलं निम्मं जरी उतरून आलं तरी तलाव काठोकाठ. त्यातून मुंबई रोज सरासरी १.८ कोटी लिटर उचलते. विहारमध्ये २,७६९.८ कोटी लिटर मावतं आणि तिथून रोज सुमारे ९ कोटी लिटर उचललं जातं.

मुंबईच्या आजच्या पसाऱ्यात हे दोन्ही तलाव मिळून शेकडा अडीच टक्केसुद्धा साठा देत नाहीत. रोजच्या चारशे कोटी लिटरच्या घरातल्या पुरवठ्याचा बाकी सगळा भार तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा या धरणांवर आहे. पण दीडशे वर्षं उलटून गेल्यावरही हे दोन म्हातारे तलाव भरतात आणि पाणी देतात. आपल्याकडचे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खोदलेले पाझर तलाव त्यांच्या मानानं पोरसवदा. त्यातले कितीतरी आज गाळानं भरलेत. पोळ्याला बैल धुवायला गेलं तर गुडघाभर पाणी सापडत नाही.

फरक कशात आहे? इंग्रजांचा दगड भारी होता, असं कुणी म्हणेल. दगड आपलाही चांगलाच होता. फरक भिंतीच्या मागं आहे. तुळशी आणि विहारचा पाणलोट शेती आणि वस्तीसाठी मोकळा सोडला नाही. तिथं रान राहिलं, पुढं ते राष्ट्रीय उद्यानात आलं. रानानं माती धरली, म्हणून तलावाचं पोट मोकळं राहिलं.

या दोन्ही तलावांच्या काठावर तुम्हाला सायकल नेता येणार नाही. पिण्याचं पाणी, पाण्यात मगरी आणि सुरक्षेचा बंदोबस्त, या कारणांनी तिथं परवानगीशिवाय प्रवेश नाही. पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका. थोडा हिरमोड होतो हे खरं. पण पाण्यात माणसाचा पाय पडत नाही, म्हणूनही ते पाणी पाणी राहिलंय.

तिसऱ्या भावाची कथा

ज्या तलावाच्या काठावर जाता येतं, तो तिसरा भाऊ म्हणजे पवई. उद्यानाची सायकल फाटकावर परत करा आणि गोरेगावहून आरे वसाहतीच्या रस्त्यानं रिक्षानं किंवा बसनं तिकडे जा. आरे म्हणजे मुंबईतले म्हशींचे गोठे शहराबाहेर हलवण्यासाठी स्वातंत्र्यानंतर वसवलेली दूध वसाहत; जाता जाता गोठे दिसतील, तेवढीच गावाची आठवण.

पवई तलाव १८९० च्या सुमारास बांधला. डोंगर तेच, पाऊस तोच, विहारपासून अंतर हाकेचं. क्षमता ५४५.५ कोटी लिटर. आणि तरीही त्याचं पाणी पिता येत नाही. कारखान्यांना आणि आरे वसाहतीला वापरायचं पाणी म्हणून ते उरलंय. कारण विचाराल तर काठावर उभं राहून नुसती मान फिरवा. चारी अंगांनी इमारती, रस्ते, हॉटेलं. रानातून येणारा ओहोळ वस्तीतून येऊ लागला आणि सोबत सांडपाणी घेऊन आला. पाण्यावर जलपर्णी माजते, महापालिका ती काढते, ती पुन्हा माजते.

याच काठावर काही वर्षांपूर्वी महापालिकेनं सायकलींसाठी मार्ग बांधायला घेतला होता. तलावात दगडांच्या जाळ्या रचून वरून सायकली पळवायच्या, अशी ती योजना. लोक कोर्टात गेले. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हे काम बेकायदा ठरवलं आणि टाकलेला भराव काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. सायकल ही काही वाईट गोष्ट नव्हे, आपण तीवरूनच फिरतोय. पण तलाव पाहायचा म्हणून तलावातच भराव घालायचा, हे काही शहाणपण नाही. गावतळ्याच्या सुशोभीकरणाचा निधी येतो तेव्हा सरपंच मंडळींनी हे उदाहरण आठवावं. काठावर बाकडी आणि फरशी झाली, पण पाणी येण्याचा ओहोळच बुजला, असं व्हायला नको.

तीन तलाव झाले. एकाच डोंगरातले, एकाच पावसाचे. ज्यांच्या मागं रान राहिलं त्यांचं पाणी माणूस पितो, ज्याच्या मागं शहर आलं त्याचं पाणी तोंडात घेववत नाही.

ज्यांच्या उशाला पाणी, त्यांच्या घशाला कोरड

इथपर्यंत वाचून शहापूर-मोखाड्याकडचा वाचक म्हणेल, “अहो, मुंबईचं कौतुक पुरे. आमचं काय?” त्याचं म्हणणं रास्त आहे. गिरगाव-परळच्या नळाला येणारं पाणी आज मुख्यतः ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतलं आहे. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय, मध्य वैतरणा २०१४ साली त्यात आलं. आणि ज्या शहापूर तालुक्यात यातली मोठी धरणं आहेत, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बायाबापड्या हंडा घेऊन उतार उतरतात, आणि शेजारून जाड पाईप मुंबईकडे धावत असतो.

खुद्द बोरिवलीच्या उद्यानातही वारली, कातकरी, कोकणा, महादेव कोळी समाजाचे पाडे पिढ्यान् पिढ्या आहेत. रान राखायचं म्हणजे रानात राहणाऱ्यालाच आधी उठवायचं, असा अर्थ पुष्कळदा काढला गेला. त्याची किंमत या लोकांनी मोजली.

म्हणून दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ही फेरी पुरी होत नाही. रान राखलं की पाणी मिळतं हे तुळशी-विहार सांगतात. पण पाणी राखणाऱ्याच्या वाट्याला किती यावं, हे ते सांगत नाहीत. ते आपल्याला मागावं लागेल, आणि मागायचं तर कागदावर मागावं लागेल. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना १९९६ च्या पेसा कायद्यानं गावच्या छोट्या जलाशयांच्या नियोजनात आणि व्यवस्थापनात अधिकार दिलाय. तो वापरायचा तर आधी ग्रामसभेला माणसं जमली पाहिजेत, ठराव झाला पाहिजे आणि ठरावाची नक्कल हातात आली पाहिजे.

मग गावात काय करायचं?

मुंबईहून परत आलात की चिवडा-फरसाणाबरोबर एवढं घरी आणा.

पहिली गोष्ट, गावच्या तळ्याच्या मागं सायकल घालून एकदा फिरा. चाक जिथं चढायला लागतं आणि जिथून उतरायला लागतं, ती धार म्हणजे तळ्याचा पाणलोट. बरोबर तलाठी आणि गावनकाशा असेल तर उत्तमच. या हद्दीत किती हेक्टर येतात, कुणाची शेतं, किती गायरान, किती वनखात्याचं, हे एका कागदावर लिहा. शंभर हेक्टर पाणलोट आणि पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तर तिथं वर्षाला पन्नास कोटी लिटर पाणी पडतं. सगळं तळ्यात येणार नाही, यायलाही नको. पुष्कळसं जमिनीत मुरलं पाहिजे. पण दुष्काळी म्हणवणाऱ्या गावाच्या अंगावरही किती पाणी पडतं, ते या आकड्यावरून कळेल.

दुसरी गोष्ट, गाळ. तळं जिल्हा परिषदेचं की जलसंधारण खात्याचं, हे आधी विचारून घ्या. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाच्या योजना साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ साली आली आणि २०२३ मध्ये ती नव्यानं सुरू झाली. तळ्यातला गाळ हलक्या रानात पसरला की दोन कामं एकदम होतात. मात्र खोदताना भिंतीच्या पायथ्याशी खणू नका आणि पार मुरमापर्यंत जाऊ नका. इंजिनिअरनं आखून दिल्याशिवाय पोकलेनला हात लावू देऊ नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात अवघड. नुसता गाळ काढून माळ तसाच उघडा ठेवला तर चार पावसाळ्यांत तळं पुन्हा भरेल, पाण्यानं नव्हे, मातीनं. काम माथ्यापासून पायथ्याकडे यायला हवं. आधी डोंगरावर सलग समतल चर आणि गवत, मग ओघळीत दगडी बांध, मग नाल्यावर बंधारा आणि शेवटी तळं. चराई आणि कुऱ्हाड काही वर्षं तरी थांबली पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली आणि शेतीसाठी बोअर मारायचा नाही असं ठरवलं. पाऊस त्यांच्याकडेही बेताचाच पडतो. गवत कापून न्यायला मुभा ठेवली तर गुरांचंही अडत नाही. पण ज्याच्याकडे चार शेळ्या आणि दुसरं काही नाही, त्याचा विचार आधी करा. त्याला वाऱ्यावर सोडून केलेली चराईबंदी रात्री मोडली जाते, आणि मोडणाऱ्याला दोष देता येत नाही.

चौथी गोष्ट, ओहोळ. पाणलोटातून तळ्याकडे येणाऱ्या वाटेवर उकिरडा, गटार, प्लॉट यांतलं काही आलं असेल तर ते आजच थांबवा. पवईला नंतर कोट्यवधी रुपये घालून जे जमेना, ते गावात आज एका ठरावानं आणि चार माणसांच्या धीरानं जमतं.

परतीची लोकल

पवईहून परतताना अंधेरीला लोकल पकडा आणि खिडकीशी जागा मिळाली तर वांद्रे-माहीमच्या मधे बाहेर पाहा. पुलाखाली काळं पाणी दिसेल, नाकाला रुमाल लावावा लागेल. ती मिठी नदी. सकाळी कान्हेरीच्या माथ्यावरून जी चकाकी पाहिलीत, त्या विहारच्या सांडव्यापासून ही निघते आणि अठराएक किलोमीटरच्या वाटेवर अशी होऊन माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिची आडवलेली वाट तिनं माणसांच्या घरांतून काढली होती.

दादरला उतरा, लालबागला या. रात्री काकांना सगळं सांगा. दुसऱ्या दिवशी पहाटे “पाणी आलं!” अशी हाक येईल आणि तुम्ही कळशी नळाखाली धराल, तेव्हा तिच्यात कुठल्या डोंगराचं पाणी पडतंय हे काकांच्या आधी तुम्हाला ठाऊक असेल.

आणि गावी आल्यावर उशीर करू नका. १ मेला ग्रामसभा असते, तिच्यानंतर पावसाला महिनाभरच उरतो. तळ्याच्या पाणलोटाचा तो कागद त्या दिवशी सभेपुढं ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आपल्यालाही आहेच. निदान या वर्षी तळ्यामागचा माळ तरी आधी पाहून ठेवू.